शेंदूर फासलेलं बूच

१

सिरिल हाबुर्चाकचा दिवस शिवीनं सुरू व्हायचा. पहाटेची बस चालवून तो घरी यायचा, बर्फाचे बूट न काढता जिना चढायचा, मागच्या खोलीत आईच्या पलंगाशेजारच्या रेडिएटरवर तळहात ठेवायचा आणि मेलेल्या बापाच्या नावानं एक सणसणीत शिवी हासडायचा. बाप जाऊन दोन हिवाळे झाले होते, पण शिवीत एका दिवसाचा खाडा नव्हता. एवढी निष्ठा त्यानं प्रार्थनेला दाखवली असती, तर चर्चच्या कांद्यासारख्या घुमटाखाली त्याचा पुतळा बसला असता.

रेडिएटर गार. मढ्यासारखा गार.

पेन्सिल्व्हेनियातल्या त्या कोळशाच्या पट्ट्यात बहुतेक घरं वाफेवर तापायची. तळघरात बॉयलर. त्यातून निघालेला जाडजूड पाइप, ज्याला सगळे नुसतं मेन म्हणत, तळघराच्या छताला लागून घराखाली फिरायचा आणि त्याला फुटलेल्या फांद्या वर खोल्यांतल्या रेडिएटरांपर्यंत चढायच्या. हाबुर्चाकांच्या घरात पुढच्या खोलीत लोणी वितळायचं आणि मागच्या खोलीत म्हातारी झुझाना दोन शाली, हातमोजे आणि नवऱ्याची खाणीतली लोकरी टोपी घालून झोपायची. सिरिलनं तिला आपली खोली देऊ केली होती. ती म्हणाली, या खोलीत नवरी होऊन आले, इथून निघेन ती आडवीच.

पण थोरली बहीण आयरीन आता हट्टाला पेटली होती. डोंगरापलीकडच्या शहरातून तिनं फोन करून सांगितलं होतं की ती रविवारी, चर्च आटोपून, येणार. मागची खोली तापलेली नसेल, तर त्याच गाडीतून आईला नन्सच्या वृद्धाश्रमात नेणार. पलंग ठरवून झालाय. आई या घरातून उठली तर नाताळ बघायची नाही, हे दोघांनाही माहीत होतं. ते बोलून दाखवलं फक्त सिरिलनं, आणि तेही ओरडून.

"तिथं तिला ऊब तरी मिळेल," आयरीन म्हणाली. "तू नुसत्या शिव्या देतोस, सिरिल. शिव्यांनी खोली तापत नाही."

२

पाइपांच्या दुकानात ग्वेनिथ प्रॉसर बसायची. केसांत पेन्सिल खोचलेली, जिभेला धार. तिचे आजेपणजे वेल्सहून याच खाणींसाठी आले होते आणि टोमणे सोबत घेऊन आले होते. सिरिलनं तिच्यापुढे आपलं रडगाणं गायलं. आजवर तीन कारागीर येऊन गेले, तिघांनीही रेडिएटरवरची बोटभर व्हेंट, म्हणजे हवा सोडणारी झडप, बदलली, मान हलवली आणि गेले.

"मेनच्या टोकाला काय आहे?" तिनं विचारलं.

"बूच."

"कसलं बूच?"

"लोखंडी. वर शेंदूर फासलाय. मी जन्मलो तेव्हापासून आहे."

ग्वेनिथनं चष्मा काढून काउंटरवर ठेवला. कुणा गाढवानं मारलं म्हणून विचारलं. सिरिल म्हणाला, बापानं.

"मग तुझ्या बापाला मी गाढव म्हणत नाही," ती म्हणाली. "पण बूच गाढवानंच मारलंय."

मग तिनं त्याला पोराला शिकवावं तसं शिकवलं. बाटलीत पाणी भरायचं तर आधी आतल्या हवेला वाट द्यावी लागते. मेनमध्येही तेच. टोकाला हवा सोडणारी व्हेंट हवी. ती नसली, तर सगळी हवा रेडिएटरांवरच्या चिमुकल्या भोकांतून रांगत बाहेर पडते, आणि वाफ दाराशी ताटकळते. शेवटच्या खोलीची पाळी येईपर्यंत बॉयलर बंद होतो. सिरिलनं मेनची लांबी सुतळीनं मोजून आणली होती. ग्वेनिथनं सुतळीची लांबी आणि पाइपाची जाडी घेऊन खोक्याच्या पुठ्ठ्यावर हिशेब मांडला, पाइपात हवा किती मावते ते काढलं, आणि त्यानं हातात घेतलेली छोटी व्हेंट काढून घेतली. म्हशीला उंदराची नाकपुडी लावून चालेल का, म्हणाली. तिनं दोन भल्यामोठ्या पितळी व्हेंट काढल्या, त्या शिंगांसारख्या दुफाटा जोडावर बसवायच्या.

बसवण्याआधीची परीक्षाही तिनं सांगितली. बूच काढ, टोक उघडं ठेव, बॉयलर पेटव आणि सिगारेट ओढत उभा राहा. टोकाशी वाफ आली की बघ सिगारेट किती उरली. मग व्हेंट लावून पुन्हा तसंच कर. तेवढीच सिगारेट जळली तर व्हेंट पुरेशा आहेत. जास्त जळली तर अजून एक घेऊन जा.

तो दारापर्यंत गेल्यावर तिनं हाक मारली. "आणि हे बघ, हाबुर्चाक. आट्यांवर राग काढायचा नाही. आधी हातानं फिरव, मग पान्यानं हलकेच. रागानं आवळलेलं पुन्हा निघत नाही. आमच्या ह्यांनी एकदा असंच एक बूच आवळलं होतं. हे गेले. बूच अजून आहे."

३

मेन घराखाली फिरून मागच्या भिंतीशी, कोळशाच्या जुन्या कोठीत संपायचा. तिथंच ते बूच. दर ईस्टरला बाप खाली उतरायचा आणि त्याला नव्यानं शेंदूर फासायचा. शेंदूर फासला की दगडाचाही देव होतो. इथं बुचाचा झाला होता, फक्त जवळ जायची कुणाला परवानगी नव्हती.

आणि ती थप्पड. खाणकामगारांची एक रीत असते. खाली अडकलेली माणसं दगडानं पाइपावर ठोकतात, दोन ठोके आणि थांबून एक. ज्याच्या कानावर ते पडेल त्यानं हातातलं काम टाकून तसंच ठोकून उत्तर द्यायचं. ऐकलं, एवढंच सांगायचं. खाणी मिटल्या तरी रीत मिटली नाही. हिवाळ्यात पाइप वाजला की गल्लीतल्या कुठल्याही घरात कुणीतरी गमतीनं चमच्यानं उत्तर द्यायचं. लहान सिरिलनंही एकदा दिलं. बापानं कानाखाली अशी वाजवली की पुढे कित्येक दिवस ऐकू येणारं सगळं शिट्टीतून आल्यासारखं यायचं. कारण विचारायची सोय नव्हती. बाप खाणीत पाइपांवरच कामाला होता, आणि पाइपाइतकाच बोलायचा.

सिरिलनं बुचाला मोठा पाना लावला, पान्याच्या दांड्यात हातभर नळकांडं अडकवलं आणि त्या थपडेसकट सगळं वजन टाकलं. बूच लोणच्याच्या बरणीचं झाकण फिरावं तसं फिरलं. सिरिल कोळशाच्या भुकटीत बदकन बसला.

बापानं ते आवळलंच नव्हतं. हातानं फिरवून ठेवलेलं, वर शेंदराचं लिंपण. हे बघून त्याला जास्तच राग आला. आयुष्यभर पोराला गारठवलं, आणि तेही काम धड केलं नाही.

उठताना त्याला दिसलं की भोकाजवळचं कोळ्याचं जाळं आत झुकलंय. त्यानं काडी पेटवून धरली. ज्योत आडवी झाली, दोऱ्याएवढी बारीक होऊन भोकात शिरली आणि विझली. पाइप हवा आत ओढत होता. एकसारखा, दमादमानं, पुष्कळ दिवसांनी बोलायला निघालेला माणूस छाती भरून घेतो तसा.

पाइप निवताना हवा आत घेतो, हे त्याला ग्वेनिथनं सांगितलंच होतं. पण बॉयलर तर त्यानं या कामासाठी पहाटे निघतानाच बंद केला होता. पाइप केव्हाच निवला होता.

त्यानं बॉयलर पेटवला आणि टोकाशी सिगारेट शिलगावली. आता हवा बाहेर येऊ लागली. गार, ओल्या कोळशाच्या वासाची. सिगारेट संपली. त्यानं दुसरी पेटवली. त्या एवढ्याशा पाइपात मावेल त्याच्या दसपट हवा निघून गेली होती, तरी ती येतच होती. बॉयलरकडच्या बाजूला हात लावला तर पाइप चटका देत होता. बॉयलरच्या काचनळीत पाणी जागच्या जागी होतं. म्हणजे कुठं फुटलेलंही नाही. तिसरी सिगारेट निम्मी झाली तेव्हा वाफ एकदम आली. वाटेत उभं असलेलं कुणी बाजूला झाल्यासारखी.

वाऱ्यावर सिगारेट भराभर जळते, असं सिरिलनं स्वतःला सांगितलं. स्वतःला त्याचं पटतंय का, ते बघायला तो थांबला नाही.

४

व्हेंट लावल्यावर मात्र अर्ध्या सिगारेटीत काम झालं. वर मागच्या खोलीतला रेडिएटर आधी कण्हला, मग सुसकारला, मग इतका तापला की सिरिलनं हात लावला आणि बापाऐवजी चुकून देवाचं नाव घेतलं.

म्हातारीनं टोपी काढली. मग हातमोजे. मग दोन्ही तळवे रेडिएटरपुढे धरून चुलीपुढे बसावं तशी बसली. सिरिलचे डोळे भरून आले. लाज वाटली, म्हणून त्यानं घाईघाईनं बापाला एक शिवी दिली. आईचं आख्खं म्हातारपण एका बुचापायी गोठलं होतं. आयरीनला फोन करून त्यानं सांगितलं, रविवारी खुशाल ये, बोट भाजलं तर माझ्याकडे रडू नकोस.

संध्याकाळी हालुश्की, कोबी घातलेले कणकेचे उकडलेले गोळे, घेऊन तो आईपाशी बसला असताना पाइप वाजला.

ठक ठक. ठक.

म्हातारीचा चमचा वाटीतच थांबला. सिरिल काही बोलायच्या आत ती वाकली आणि चमच्यानं रेडिएटरवर तसंच उत्तर दिलं. "ऐकलं रे बाळा," ती म्हणाली. तान्ह्या पोरांशी बोलतात त्या आवाजात.

सिरिलनं समजावलं की वाफेच्या पाइपात पाणी साचलं की असं वाजतं. पाइपाचा उतार चुकलाय, उद्या नीट करतो.

"पाणी मधे थांबून ठोकतं होय?" म्हातारीनं विचारलं आणि ती पुन्हा जेवू लागली.

५

शनिवारी त्यानं तळघरात मेनचा उतार तपासला. उतार चोख होता. पाणी साचायला जागाच नव्हती. तरी ठोके येत होते. चिडून त्यानं भिंतीवरचं लाल बटण दाबून बॉयलर बंद केला. बॉयलर निवला. रेडिएटर निवले. ठोके नाही थांबले. आता त्यांत नम्रपणा राहिला नव्हता. दार ठोठावलं, आतून 'आलो' म्हणून उत्तरही मिळालं, आणि तरी कुणी दार उघडत नाही, तेव्हा माणूस ठोकतो तसे ते येत होते.

त्यानं आईच्या कपाटातला दोरा नेऊन व्हेंटजवळ धरला. दोरा ताठ होऊन आत खेचला गेला. सिरिलनं गंमत म्हणून आपलाही श्वास त्याबरोबर आत घेतला. त्याची छाती भरली, डोळ्यांपुढे काजवे चमकले, त्याला श्वास सोडावा लागला. दोरा ताठच होता.

वर आला तर मागची खोली गरम. रेडिएटर बर्फासारखा गार आणि खोली गरम. ही रेडिएटरची कोरडी ऊब नव्हती. बर्फाच्या दिवशी गच्च भरलेल्या बसमध्ये असते ती होती, ओली, ओल्या कपड्यांची आणि उच्छ्वासांची. सिरिल वीस हिवाळे त्या उबेत बस चालवत होता. काच आतून घामेजली होती. म्हातारी उघड्या दंडांनी पलंगावर बसून चमचा वाजवत होती. ठक ठक, ठक.

भिंती ऊब धरून ठेवतात, असं म्हणत त्यानं तिच्या हातातून चमचा हिसकला. आईच्या हातून काही हिसकण्याची ती त्याची पहिलीच वेळ.

"त्या दिवशी खाणीतून ठोके आले होते, आणि तुझ्या बापानं उत्तर दिलं नव्हतं," ती म्हणाली.

"कुठल्या दिवशी?"

तिनं भिंतीकडे पाहिलं. "तू त्याला थंडीपायी शिव्या देतोस, सिरिलको. मी ज्यासाठी देते ते वेगळं आहे. आण तो चमचा."

तो चमचा घेऊन खाली गेला आणि त्यानं दार आपटलं. थोड्या वेळानं वरून उत्तर गेलेलं त्यानं ऐकलं. तिच्याकडे दुसरा चमचा होता.

६

रविवारी सकाळी घर शांत होतं. ठोके नाहीत, सुसकारे नाहीत. आई पाठ करून झोपली होती. खोली उबदार. सिरिलला वाटलं, झालं, पाइप मुरला. आयरीन यायच्या आधी एकदा बघून यावं म्हणून तो तळघरात गेला.

दोन्ही व्हेंट कोठीच्या जमिनीवर होत्या. पडलेल्या नव्हत्या. आटे न दुखवता काढून, पुसून, शेजारी शेजारी ठेवलेल्या होत्या. शिंगांचा जोडही तसाच, त्यांच्याजवळ. वर पाइपाचं टोक उघडं होतं, आणि त्याच्या कडेवरून काळं पाणी ठिपकत होतं. भोक मनगटाएवढंसुद्धा नव्हतं. सिरिलनं ते दोनदा पाहिलं. मनगटाएवढंसुद्धा नाही.

भीती वाटायला हवी होती. सिरिलला राग आला. सवय दुसरं काय करणार? आपल्या घरात, आपल्या तळघरात, आपण स्वतः बसवलेली व्हेंट काढायची कुणाची ही हिंमत? आज खोली गरम आहे, आयरीनला आज दाखवू, उद्याचं उद्या बघू. त्यानं कोपऱ्यातलं शेंदरी बूच उचललं.

तेवढ्यात मागून कुणीतरी त्याची बाही धरली. आई. वर्षभरात जिना न उतरलेली म्हातारी अनवाणी कोळशाच्या कोठीत उभी होती. रात्रभर ती स्वयंपाकघरातच बसून होती, म्हणाली. खोलीत जागा नव्हती.

"थांब, सिरिलको. आधी ऐक."

"पुष्कळ ऐकलं."

"बूच लावू नकोस. त्यांच्यावर दुसऱ्यांदा नको."

त्यानं बाही सोडवून घेतली. बूच हातानं फिरवलं, पाना लावला, नळकांडं अडकवलं आणि सगळं वजन टाकलं. गोठलेल्या हिवाळ्यांसाठी एक फेरा. थपडेसाठी एक. आयरीनच्या ठरवलेल्या पलंगासाठी एक. लोखंड किंचाळलं, शेंदूर फुटून त्याच्या डोक्यावर पडला, तरी त्यानं आणखी अर्धा फेरा आवळला.

मग तळघरात अगदी शांत झालं. आणि वर मागच्या खोलीत कुणीतरी रेडिएटरवर चमचा वाजवला.

ठक ठक. ठक.

सिरिलनं आईकडे पाहिलं. ती शेजारी उभी होती, दोन्ही हात रिकामे. ती वर बघत होती.

बाहेर गाडी थांबली. पुढचं दार, आयरीनच्या टाचा, जिना. वाफेचे पाइप आवाज चांगला वाहून नेतात, शेजारी बसून बोलावं तसा तिचा आवाज मेनमधून खाली आला. बाई बाई, काय ऊब आहे, म्हणाली. हरले म्हणाली. सिरिल, राहू दे आईला इथंच, मी काही आता तिला नेत नाही.

सिरिल जिंकला होता.

"आयरीन!" म्हातारीनं हाक मारली. तिचा आवाज पाइपातून वर गेला.

"हो मामो, इथंच तर बसलेय तुझ्यापाशी," वरून आयरीन म्हणाली. "तोंडावरचं पांघरूण तरी काढ."

मग ती हसली. "सिरिल, हिच्या नखांत एवढा कोळसा कसा रे? आणि हाताला जोर बघ केवढा आलाय. सोड ना, मामो. दुखतंय."

"उघड," आई सिरिलच्या कानाशी म्हणाली. "वर जो आलाय, त्याची परत जायची वाट बंद केलीस. उघड."

सिरिलनं पाना उलटा लावला. सगळं वजन टाकलं. पाय भिंतीला टेकवून ओढलं. पाना निसटला, बोटं फुटली, त्यानं पुन्हा लावला. त्याच्या बापानं दर ईस्टरला इथं येऊन बूच हातानंच फिरवून ठेवलं होतं, कधीही उघडता येईल इतकंच. एवढी वर्षं, एकदाही आवळलं नव्हतं.

"मामो," वरून आयरीनचा आवाज आला, आता हसणं नव्हतं. "मामो, सोड."

बूच जागचं हललं नाही.